वन्संच्या वाट्या

माझी नणंद आली हे मला दार वाजायच्या आधी कळतं. जिन्यात वाट्या वाजतात.

बायकांच्या पर्समध्ये काय असतं? रुमाल, किल्ल्या, डोकेदुखीची गोळी. आमच्या शालनवन्संच्या खांद्यावरच्या पिशवीत स्टीलच्या तीन वाट्या असतात. लहान, मधली, मोठी, एकीत एक बसवलेल्या. शिवाय एक डाव, एक चमचा आणि ताटलीएवढा चपटा वजनकाटा. चालताना हे सगळं असं किणकिणतं की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातली कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत, उठून बाजूला होतात.

वन्सं कुणाला "कशी आहेस" असं विचारत नाहीत. त्या विचारतात, "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंस, सांग." तुम्ही भोळेपणाने सांगायला लागलात की पिशवीतून वाट्या निघतात. "आमटी ह्या वाटीतली की ह्या? काठोकाठ, की बोटभर कमी?" सगळं सांगून तुम्ही दम टाकता, तेव्हा मान जराशी तिरकी करून त्या म्हणतात, "आणिक?"

हा 'आणिक' लई वाईट. एकदा स्टेशनवरून आम्ही दोघी रिक्षाने येत होतो. रिक्षावाला बिचारा सरळ माणूस. चहा म्हणाला, भाकरी-पिठलं म्हणाला. "आणिक?" भजी म्हणाला. "आणिक?" घर येईपर्यंत त्याने बायकोपासून लपवून खाल्लेल्या जिलबीची कबुली दिली होती. उतरताना मला हळूच म्हणाला, "आजी, ह्या बाई पोलिसात हायत का?"

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका वारले तेव्हा वन्सं भेटायला आल्या. बायका भोवती बसलेल्या, कुणी डोळे पुसतंय, कुणी "सुटले बिचारे" म्हणतंय. वन्सं काकूंजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, "काल काय खाल्लंत?" मी लाजेने पदर तोंडावर घेतला. काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे कुणी विचारलंच नाही हो." वन्सं उठल्या, काकूंच्याच स्वयंपाकघरात जाऊन मऊ भात टाकला आणि समोर बसून खायला लावला. त्या दिवसापासून मी पदर तोंडावर घ्यायचं सोडलं.

वन्सं डॉक्टर आहेत, पण इंजेक्शनवाल्या नव्हेत. मुलांच्या खाण्याचा अभ्यास, ही त्यांची डॉक्टरकी. कुठलं मूल का वाळतं, कुठलं का फुगतं, आणि घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात याचा त्या पोराच्या ताटाशी काय संबंध, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला. आता निवृत्त झाल्या, पण ते फक्त कागदावर. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी माझं कालचं जेवण विचारलं असतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "माणसं खोटं बोलतात गं वहिनी, ताट बोलत नाही." या वाक्याचं पुढे काय झालं ते सांगायलाच मी बसले आहे. पण आधी थोडी माझी फजिती, म्हणजे आमची ओळख नीट होईल.

मी माळशिरसकडची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा माझी अक्कल माझ्या वेणीपेक्षा आखूड होती. मुलगा झाला, प्रकाश, आणि 'पोर जितकं जाड तितकी आई थोर' या एकाच तत्त्वावर मी त्याला वाढवायला घेतलं. गणपतीत मंडळाने गुटगुटीत बाळांची स्पर्धा ठेवली होती. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! वजन करायच्या आधी मंडपामागे बसून पोराला केळं कुस्करून चारलं, वर वाटीभर दूध पाजलं, आणि पायात चांदीचे वाळे घातले, तेही सासूबाईंचे, वजनदार. पहिलं बक्षीस! स्टीलचा डबा. मी तो डबा असा मिरवत आणला, जणू कुस्ती मीच मारली. वन्सं तेव्हा कॉलेजात शिकत होत्या, सुट्टीला आलेल्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, प्रकाशकडे पाहिलं, मग मला म्हणाल्या, "वहिनी, बक्षीस प्रकाशला मिळालं की केळ्याला?"

मी रुसले. इतकी रुसले की त्या परत जाईपर्यंत त्यांच्याशी फक्त पदार्थांतून बोलले. रोज एक गोड करून पुढ्यात ठेवायचे. नणंद माहेरी आली की तिला कसं ठेवायचं, हे आईने मला पाठ करून पाठवलं होतं. "नणंदेच्या ताटात उणं दिसलं तर माझ्या नावाला बट्टा." तो धडा मी आजवर गिरवते. जिन्यात वाट्या वाजल्या की माझी कढई चढते. बक्षिसाचा डबाही अजून आहे. त्यात शेंगाचटणी असते. प्रकाशला आता डॉक्टरांनी गोड बंद केलंय, आणि तो डब्याकडे बघून हसतो तेव्हा मी खिडकीबाहेर बघते.

तर, भवानी पेठेतलं काम. तिथल्या यंत्रमागाच्या वस्तीतली काही घरं वन्संनी अभ्यासाला घेतली. पोरांचं जेवण कसं आहे ते प्रत्यक्ष बघायचं, वाट्यांनी मापायचं, आणि मग सरकारी लोकांना सांगायचं की इथल्या मुलांना अमुक कमी पडतंय, अमुक जास्त होतंय, तेव्हा अमुक करा. माझी नेमणूक 'सोबत' म्हणून. वन्संच्या हाताखालच्या पोरी हुशार, पण दारात उभ्या राहून इंग्रजी हसायच्या. मला कुठल्याही घरात शिरून पाटावर बसायची विद्या येते. पहिल्या मजल्यावर माग खडखडत असतो, खाली आम्ही, आणि बोलायचं तर ओरडून.

घरांनी होकार दिला, दिवस ठरले, आम्ही जायला लागलो. आणि काय सांगू, पहिल्याच घरी पुऱ्या. दुसऱ्या घरी पुऱ्या आणि शिरा. हलीमाबींच्या घरी बिर्याणी, वर "बैठो अम्मा, चाय पीको जाव." पद्माच्या घरी तर पुऱ्या, बटाट्याची भाजी, गुलाबजाम आणि पापड. पद्मा टॉवेलच्या कारखान्यात किनार शिवायला जाते. तिची थोरली सिरी, दहा वर्षांची, अंगाने चांगली भरलेली. धाकटा चिन्नू काडीसारखा. एकाच घरात एक फुगलेलं आणि एक वाळलेलं, आणि दोघांच्या ताटात पुऱ्या.

"पद्मा, रोजचंच जेवण कर म्हटलं होतं ना?" वन्सं म्हणाल्या.

"साधंच केलंय की आज्जी," पद्मा म्हणाली आणि तिसरा गुलाबजाम वाढला.

वन्सं वाट्या मापत होत्या, चक्रावत होत्या. घरी येऊन सगळं मांडलं तर भवानी पेठेत रोज दिवाळी. मी म्हटलं, "वन्सं, तुमचं ताट खोटं बोलत नाही ना? मग खात असतील." त्यांनी माझ्याकडे बघून वही मिटली. माझा टोमणा वाया गेला नाही असं वाटून मी खूश झाले.

दुसऱ्या फेरीला पद्माच्या घरी गेलो. पुन्हा पुऱ्या. जेवण झालं, वन्सं वाट्या पुसून पिशवीत ठेवत होत्या. तेवढ्यात सिरी त्यांच्या गुडघ्याला टेकून म्हणाली, "आज्जी, तुमी रोज या ना. तुमी आलात की पुरी असते."

पद्माने तिला असा चिमटा काढला की पोरगी दारापर्यंत उडाली. पण वाक्य सांडलं ते सांडलं. वन्संच्या हातातली वाटी तशीच राहिली. वर माग खडखडत होता.  आम्ही महिनोन्‌महिने पोरांचं जेवण मापत नव्हतो. आमचा पाहुणचार मापत होतो.

आता खरी अडचण. थोड्याच दिवसांत मोठी बैठक होती. मोठा हॉल, थंड हवा, समोर साहेब लोक. मी मागच्या खुर्चीवर. वन्संनी पडद्यावर आकडे दाखवायला सुरुवात केली तर एक साहेब मधेच म्हणाले, "वा, म्हणजे मुलं छान खातायत की! मग या वस्तीत वेगळं काही करायची गरज दिसत नाही." लोकांनी माना डोलावल्या. वन्सं गप्प बसल्या असत्या तर काम तिथेच संपलं असतं. हार मिळाला असता, नारळ मिळाला असता. आणि त्या घरांतल्या पोरांच्या नावापुढे 'छान खातात' असं कायमचं लागलं असतं.

वन्सं म्हणाल्या, "साहेब, ती पुरी मुलांची नव्हती, माझी होती. मी तिथं पाहुणी होते. हे सगळं काम चुकलंय. चूक माझी आहे. मला ते पुन्हा करू द्या."

 स्वतःचं कित्येक महिन्यांचं काम स्वतःच्या हाताने पुसणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलं. शेजारच्या बाईंना मी कोपराने ढोसलं आणि सांगितलं, "माझी नणंद हाय ती." त्यांनी विचारलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुदत मिळाली. तोवर खरं जेवण दिसलं नाही तर पुऱ्याच खऱ्या.

पण पाहुणी नव्हे असं व्हायचं कसं? न सांगता जाऊन बघितलं, तर पोर मागच्या दाराने मिठाई आणायला पळतं आणि आई तोवर गप्पांत गुंतवते. जेवूनच आलोय म्हणावं, तर "निदान पोहे तरी." आपल्याकडे पाहुणा म्हणजे रागावलेला देव, त्याला तसं जाऊ देत नाहीत. वन्सं आठवडाभर विचार करत होत्या. मग एकदा त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुझ्या स्वयंपाकघरात कोण शिरलं की तू उठत नाहीस?"

मी म्हटलं, "शेजारची शांताबाई. विरजण मागायला येते तेव्हा."

एवढंच. पुढच्या आठवड्यात या बाईने, होटगी रस्त्याला स्वतःचा फ्लॅट असताना, भवानी पेठेत पद्माच्या समोरची एक खोली भाड्याने घेतली. एक शेगडी, एक पातेलं, एक सतरंजी. सगळ्या घरांना उघड सांगितलं, "मी आता इथं राहणार. येता-जाता तुमच्या घरात डोकावणार, पोरं काय खातात ते बघणार. पण मी पाहुणी नाही, शेजारीण आहे." बायका हसल्या. आणि वन्सं रोज ऊन कललं की, दिवेलागणीच्या आत (दिवे लागल्यावर दही कुणी देत नाही), लहान वाटी घेऊन एकेका दारात उभ्या राहायला लागल्या. "विरजण आहे का गं?"

सुरुवातीला विरजण ट्रेमधून आलं. सोबत चहा, चिवडा. हलीमाबींनी तर वाटीवर विणलेला रुमाल घातला. वन्संनी चहा नाकारला, चिवडा नाकारला, वाटी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सोलापूरच्या उन्हात दही लागायला कष्ट नाहीत, ते आंबू न द्यायला कष्ट आहेत. त्यामुळे वन्संचं दही रोज बिघडतं यावर सगळ्यांचा विश्वास बसला. बायका मला म्हणायच्या, "एवढ्या शिकलेल्या, पण दही लावता येत नाही बघा." मी केळ्याचा जुना हिशेब चुकता करून घेतला. म्हटलं, "भाकरी पण वातड होते."

एक दिवस मी त्यांच्या खोलीवर बसले होते. वन्सं पद्माच्या घरातून धावत आल्या. धावत! या वयात! वाटीतलं दही हातावर सांडलेलं, डोळे चमकताहेत. मला वाटलं पोराला काही झालं.

"वहिनी! ती उठली नाही!"

"कोण?"

"पद्मा! चिन्नूची बटणं शिवत होती. मान वर केली नाही तिने. म्हणाली, 'त्या तिथं हाय, घ्या तुमीच.' अगं, उठलीसुद्धा नाही!"

या बाईंना मोठमोठ्या ठिकाणी शाली मिळाल्यात. एकाही शालीने त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नाही.

मग ताटं खरं बोलायला लागली. दुपारी पद्मा कारखान्यात. पोरं शाळेतून येतात, घरात कुणी नाही, चुलीवर काही नाही. दुकानातल्या कुरकुरीत खाऊचा पुडा हेच जेवण. सिरी आपला आणि चिन्नूचाही संपवते, कारण चिन्नूला तो तिखट लागतो. मग चिन्नू चहात बिस्कीट बुडवून रात्रीपर्यंत काढतो. रात्री पद्मा थकून भात टाकते तोवर एक पोर पेंगलेलं आणि एक टीव्हीसमोर. पोरगी हावरट नव्हती. पोरगी एकटी होती. शाळेत वजन मोठ्याने वाचून दाखवल्यापासून ती खेळाच्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गात बसायची, हेही विरजणाच्या वाटीतूनच कळलं.

वन्संनी वजन करताना सिरीला मोठ्या काट्यावर आकड्याकडे पाठ करून उभं केलं. आकडा पद्माच्या कानात सांगितला आणि वर म्हणाल्या, "तुझं काही चुकलेलं नाही. दुपार चुकलीय." मग गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बोलावलं. आठवड्यातली एकेक दुपार एकेकीने घ्यायची, आपल्याच घरातली भाकरी, शेंगाचटणी, ताक, आणि गल्लीतली सगळी पोरं एका पंगतीला. मंगळवार हलीमाबींचा, गुरुवार माझा. पोरं पंगतीत बसली की एकमेकांकडे बघून खातात, आणि खाऊन झालं की खेळायला सुटतात. सिरी आता लंगडीत अशी धरते की मोठी पोरं तक्रार घेऊन येतात.

सुट्टीच्या आधी पुन्हा बैठक झाली. यावेळी पडद्यावर पुरी नव्हती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ही दुपारची पंगत आणखी वस्त्यांत करून बघू म्हणाले. मी पुन्हा शेजारच्या खुर्चीला कोपर मारलं. यावेळी खुर्ची रिकामी होती, पण सांगून टाकलं.

काम संपलं, वन्संनी खोली सोडली, फ्लॅटवर परतल्या. त्यानंतर एकदा त्यांना ताप आला. मी पुरणपोळ्या केल्या, डबा भरला आणि गेले. आजारी माणसाला पुरणपोळी कशाला, असं तुम्ही विचाराल. नणंद ती नणंद.

त्या झोपल्या होत्या. डबा ठेवायला मी फ्रिज उघडला. आत दूध नाही, भाजी नाही. फक्त एका फळीवर ओळीने लहान लहान वाट्या, झाकण ठेवलेल्या. मी एक उघडली, दही. दुसरी उघडली, दही.

"हे काय वन्सं? दह्याचं दुकान काढलंय?"

त्या उठून बसल्या. जरा लाजल्या. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच. "ते पद्माचं," त्या म्हणाल्या. "जरा आंबट असतं, तिला दूध तापवायला उशीर होतो ना. त्याच्या शेजारचं हलीमाबींचं, घट्ट. त्याला त्याचंच विरजण लावत राहते मी. मोडू देत नाही."

"आणि एवढं खातं कोण?"

"मीच की. रोज एकेक. सोमवारी पद्माकडे जेवते. मंगळवारी हलीमाबींकडे." मग हसून म्हणाल्या, "इथंच बसून गं."

मी खुर्ची ओढली. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत, सांगा."

त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. मग म्हणाल्या, "चहा. बिस्कीट. दही."

"आणिक?"

 मी परत फ्रिजकडे गेले, सगळी झाकणं उचलून पाहिली. "यात आमच्या घरचं कुठलं?"

"तुझ्याकडे विरजण मागायला मी कधी आले गं?" वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "मी जिन्यात असते तोवर तुझी कढई चढलेली असते."

पुरणपोळ्यांचा डबा माझ्या हातात होता. एवढा जड डबा मी कधी उचलला नव्हता, बक्षिसाचासुद्धा नाही. मी तो ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "बऱ्या झालात की उन्हं उतरताना या. दिवेलागणीच्या आत."

परवा आल्या. मी स्वयंपाकघराबाहेर जमिनीवर बसून लसूण सोलत होते. जिन्यात एकच वाटी वाजली, लहान. माझे गुडघे आपोआप उठायला लागले. गुडघ्यांना कुठलं काय माहीत, त्यांना आईचा धडा पाठ. मी दोन्ही हातांनी त्यांना खाली दाबून धरलं. कढई घासून पालथी घातली होती.

दार उघडंच होतं. "वहिनी, विरजण आहे का गं?"

मी मान वर केली नाही. "त्या तिथं हाय," मी म्हटलं, "घ्या तुमीच."

वाटी थांबली. मग पावलं माझ्या शेजारून आत गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला, चमचा वाजला. पण पावलं परत आली नाहीत.  मी लसणाच्या एकाच पाकळीवर नख फिरवत बसले.

मग आतून आवाज आला, "वहिनी, सकाळची भाकरी उरलीय का?"

"टोपलीत बघा. आणि चटणी त्या डब्यात."

"बक्षिसाच्या?"

"व्हय, केळ्याच्या," मी म्हटलं, आणि उठले नाही.